जुने यंत्र केव्हा टाकावे?

व्हिडिओ गेमची यंत्रे तयार करणाऱ्या कंपन्यांपुढे दर पाच-सात वर्षांनी एक पेच उभा राहतो. दूरचित्रवाणीला जोडून ज्यावर पोरे खेळतात त्या पेटीला कन्सोल म्हणतात. ज्या पेटीवर कंपनीचे नाव झाले, जिच्यासाठी शेकडो खेळ तयार झाले, ती आता जुनी दिसू लागली आहे. शेजारच्या कंपनीने अधिक वेगाची पेटी बाजारात आणली आहे किंवा आणण्याच्या बेतात आहे. मग आपली पेटी आताच बाजूला सारावी, की आणखी दोन वर्षे चालवावी? घाई केली तर ज्या गिऱ्हाइकाने कालच पैसे मोजले ते चिडते, आणि उशीर केला तर गिऱ्हाईकच उरत नाही.

हा टोकियो आणि कॅलिफोर्नियातला प्रश्न कोल्हापूरच्या वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, पेटीच्या जागी कॅमेरा आणि खेळाच्या जागी चित्रपट एवढा फरक केला, तर हाच प्रश्न १९२९ ते १९३३ या चार वर्षांत याच गावात विचारला गेला. एकाच गुरूच्या हाताखाली वावरलेल्या माणसांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. खेळयंत्रांच्या कंपन्यांचा इतिहास वाचताना आम्हांस पुनःपुन्हा त्या चार वर्षांची आठवण होते, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न.

बाबूराव पेंटरांची कथा कोल्हापुरात कोणास नव्याने सांगायला नको. परंतु तिच्यातला यंत्राचा भाग बहुधा घाईने सांगितला जातो. बाबूराव कृष्णराव मेस्त्री १८९० साली जन्मले. त्यांनी आणि नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि पेंटर हे नाव त्यांस त्या धंद्याने दिले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांस चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो आपणच करावा असे त्यांनी ठरविले. कोल्हापूरच्या कारागिराचे हे लक्षणच आहे. उद्यमनगरात आजही एखाद्या सुट्या भागाची परदेशी किंमत ऐकली की मालक तो भाग लेथवाल्यापुढे नेऊन ठेवतो आणि ‘असा कर’ म्हणतो. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांस हाताशी घेऊन काम पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले, शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. खरी कॉर्नरजवळ जो कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो या उद्योगाची खूण होय.

यानंतर दहा वर्षे बाबूरावांनी मूकपटाच्या यंत्राकडून जेवढे काम काढून घेतले तेवढे फार थोड्यांनी घेतले असेल. सारे जण उन्हावर चित्रण करीत असता ‘सिंहगड’साठी १९२३ साली त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी पुराणातले राजे सोडून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला, आणि तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे नावाच्या आपल्या एका शिष्यास दिले. यंत्र तेच, पण त्यातून निघणारे चित्र वर्षागणिक निराळे. जुने यंत्र लगेच टाकण्याचे कारण नसते ते याचमुळे. त्याची शक्ती संपण्याआधी आपली कल्पनाच संपली, असे पुष्कळदा घडते.

जपानच्या निन्तेन्दो कंपनीने हे बरोबर ओळखले होते. तिची फॅमिकॉम नावाची पेटी जुलै १९८३ मध्ये बाजारात आली. पाच वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९८८ रोजी, सेगा या प्रतिस्पर्ध्याने मेगा ड्राइव्ह ही कितीतरी अधिक ताकदीची पेटी आणली. निन्तेन्दोजवळ त्या दिवशी तोडीस तोड पेटी नव्हती. परंतु त्याच्या अवघे सहा दिवस आधी तिने जुन्याच पेटीसाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा खेळ काढला होता. पेटी जुनी, पण खेळाच्या कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवून तिच्याकडून नवे काम करून घेतलेले. नवी पेटी निन्तेन्दोने नोव्हेंबर १९९० पर्यंत आणली नाही. या उशिराची किंमत तिला अमेरिकेत मोजावी लागली, कारण तेथे मधल्या काळात सेगाने चांगलेच पाय रोवले. तरीही ती बुडाली नाही.

आणि हेही ध्यानात घ्यावे की यंत्राचे वय सर्वत्र सारखे मोजले जात नाही. ज्या १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये फॅमिकॉम मागे पडत होता, त्याच दशकात त्याच्या स्वस्त नकला आमच्याकडे ‘कॅसेटवाला व्हिडिओ गेम’ म्हणून नव्या कोऱ्या आल्या आणि मे महिन्याच्या सुटीत घरोघर जमिनीवर पोरांची रांग लागली. तिकडचे जुने ते इकडचे नवे! मूळ फॅमिकॉमचे उत्पादनही निन्तेन्दोने २००३ पर्यंत थांबविले नव्हते.

आता पुन्हा कोल्हापुरास येऊ. १९२९ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीतून दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांनी पैशाची बाजू सांभाळली आणि १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी निघाली. चार कलावंत आणि एक भांडवलदार असे हे पंचक. याचे एक चमत्कारिक प्रतिबिंब पन्नास वर्षांनी अमेरिकेत पडलेले दिसते. अटारी या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या खेळ-कंपनीतून १९७९ साली चार खेळकर्ते बाहेर पडले. आपण केलेल्या खेळावर आपले नाव नाही, ही त्यांची तक्रार होती. धंदा पाहणारा एक गृहस्थ त्यांस मिळाला आणि अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी जन्मास आली. अटारीने आपल्या १९७७ च्या पेटीच्या जागी १९८२ साली नवी पेटी आणली खरी, पण तीवर आरंभी जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतला तो सारा बाजारच कोसळला.

प्रभातने आरंभी मूकपटच काढले. ‘गोपाळकृष्ण’, ‘खुनी खंजर’, ‘उदयकाल’ अशी त्यांची नावे. मग १४ मार्च १९३१ हा दिवस उजाडला. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानचा चित्रपट बोलू लागला.

येथे थोडे यंत्रात शिरणे अवश्य आहे, कारण त्यावाचून या निर्णयाचे वजन कळत नाही. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा चित्रे घ्यावीत असा साधारण हिशेब, पण हात थोडा भरभर किंवा सावकाश फिरला तरी प्रेक्षकास त्याचे फारसे वाटत नसे. आवाजाचे तसे नाही. गती जराशी हलली की गाणारा बेसूर होतो. म्हणून मोटर हवी आणि सेकंदाला नेमकी चोवीस चित्रे हवीत. शिवाय हाताने फिरणाऱ्या कॅमेऱ्याची खरखर मायक्रोफोन टिपतो. तेव्हा बाबूरावांनी ज्या कॅमेऱ्यासाठी जिवाचे रान केले, तो बोलपट आला त्या दिवशी नुसता जुना झाला असे नव्हे. त्या जातीचा कॅमेराच या नव्या कामास निरुपयोगी ठरला. इकडे चित्रपटगृहाच्या मालकासही प्रक्षेपक बदलणे, ध्वनिवर्धक बसविणे आले. तालुक्याच्या गावी तंबूत खेळ दाखविणाऱ्याला हे एका दिवसात कोठून परवडणार? म्हणूनच ‘आलम आरा’नंतरही १९३४ पर्यंत आपल्याकडे मूकपट निघत राहिले.

दुसरी अडचण भाषेची. मूकपटाच्या पाट्या चार भाषांत लिहिल्या की तेच चित्र लाहोरपासून मद्रासपर्यंत चाले. बोलपटाने तोंड उघडले आणि बाजार भाषेभाषेत फुटला. एवढ्या मोठ्या बाजारावर पाणी सोडण्यास जो कचरला, त्यास भित्रा म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

प्रभातने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ‘चंद्रसेना’ हा तिचा मूकपट १९३१ सालीच बाहेर पडला. हातातले काम अर्धवट टाकून मंडळी धावली नाहीत. मात्र आवाजाची यंत्रसामग्री कोल्हापुरात आणली गेली, आणि ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी स्वतःकडे घेतली. ज्या हातांनी १९१८ साली लेथवरून उतरलेले भाग जुळवून कॅमेरा उभा केला, तेच हात आता मायक्रोफोन आणि ध्वनिपट्टी यांच्याशी झुंजू लागले. पुढील काळात जी सोय झाली, की गाणे आधी ध्वनिमुद्रित करावे आणि नटाने नुसते ओठ हलवावेत, ती अजून यायची होती. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे, आणि वादकांनी जवळच पण चित्रात न येता वाजवायचे, असा सगळा मामला. पुढे ‘अयोध्येचा राजा’ सिद्ध झाला. मॅजेस्टिकमध्येच तो ६ फेब्रुवारी १९३२ रोजी लागला, आणि पहिला मराठी बोलपट म्हणून आज आपण त्याचे नाव घेतो. त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वेळी तयार केली होती. भाषेने फुटलेला बाजार सांधण्याची ती युक्ती. ‘आलम आरा’ला वर्ष पुरे झाले नव्हते.

हे साधले कसे? एक कारण दामल्यांचे हात. दुसरे, नव्या यंत्रात भरण्यासारखा माल गावात होता. गोविंदराव टेंबे यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. गंधर्व नाटक मंडळीत मुरलेला हा कलावंत. दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई ज्या दरबारात होऊन गेला त्या गावात बोलपटाला गाणे शोधत हिंडावे लागले नाही. खेळयंत्राच्या धंद्यातही हाच अनुभव आहे की, नुसत्या पेटीसाठी कोणी पेटी घेत नाही. तीवर खेळायला काय आहे हे पाहून गिऱ्हाईक खिशात हात घालते.

आमच्या मते सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो. जुने यंत्र टाकण्याची वेळ त्याच्या वयावरून ठरत नाही आणि शेजाऱ्याने काय आणले यावरूनही ठरत नाही. नवे यंत्र आपल्या माणसांना उघडता, जोडता, दुरुस्त करता येते काय, आणि त्यात घालण्यासारखे काही आपल्यापाशी आहे काय, यावर ती ठरते. १९३१ साली या दोन्ही गोष्टी प्रभातपाशी होत्या. बाबूरावांच्या कंपनीपाशी त्या उरल्या नव्हत्या, कारण ते हात दोन वर्षांपूर्वीच दाराबाहेर पडले होते. बोलपटामुळे आपण इतक्या कष्टाने घडविलेली दृश्यकला नासून जाईल असे बाबूरावांस वाटे, असे सांगतात. त्यावरून त्यांस हट्टी ठरविण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती पटत नाही. समजा त्यांनी १९३१ साली आवाजाचे यंत्र आणलेच असते, तर त्याच्यापाशी उभे कोणास केले असते? कंपनी त्याच सुमारास बंद पडली.

प्रभातचे चातुर्य मानणाऱ्यांनी तिचा दुसरा निर्णयही पाहिला पाहिजे. आवाज जिंकल्यावर मंडळींनी लगेच रंगास हात घातला. १९३३ चा ‘सैरंध्री’ हा रंगीत चित्रपट त्यांनी काढला. तेरा वर्षांपूर्वी गुरूने ज्या कथेने आरंभ केला तीच कथा. रंगीत प्रती काढण्याची विद्या आणि सामग्री येथे नव्हती, म्हणून काम जर्मनीत करावे लागले आणि त्यासाठी शांताराम स्वतः तिकडे गेले. हाती आले ते भडक, न जुळलेले रंग. चित्र पडले. माणसे तीच, धडाडी तीच. फरक एवढाच की या वेळी यंत्र समुद्रापलीकडे होते, आणि तेथे काय बिघडले ते दामल्यांस हात लावून पाहता येत नव्हते. शांतारामबापूंनी पुन्हा संपूर्ण रंगीत चित्र काढले ते ‘झनक झनक पायल बाजे’, १९५५ साली, म्हणजे बावीस वर्षांनी. मधल्या काळात प्रभातने कृष्णधवलातच ‘संत तुकाराम’ केला आणि १९३७ साली त्याचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

रंगाची ही घाई निन्तेन्दोच्या गुन्पेई योकोई या यंत्रकाराने ऐकली असती तर तो हसला असता. ज्याची सारी गुणदोषांची माहिती झाली आहे आणि जे स्वस्त झाले आहे, अशा मुरलेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, असे त्याचे मत. लोणचे मुरल्यावाचून वाढू नये, असे आपल्याकडच्या बायका म्हणतात तसेच. त्याचा गेम बॉय हा हातात धरून खेळायचा खेळ १९८९ साली आला, तो हिरवट काळ्या पडद्याचा. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर हा रंगीत पडद्याचा खेळ आणला. दिसायला किती देखणा! पण सहा बॅटऱ्या काही तासांत खाऊन टाकी. साध्या गेम बॉयने त्यास सहज मागे टाकले. निन्तेन्दोने रंग आणला तो १९९८ साली, रंगीत पडदा स्वस्त झाल्यावर आणि बॅटरी टिकू लागल्यावर.

न इकडचा न तिकडचा असा तिसरा मार्गही माणसे शोधतात. फाळक्यांनी ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून केला, आणि वारा फिरलेला पाहून त्यावर मागाहून आवाज चढविला; तो १९३४ साली तसा प्रदर्शित झाला. मूकपटाच्या अभिनयावर चिकटविलेला आवाज ना त्या कलेचा ना या कलेचा. सेगाने १९९४ साली आपल्या जुन्या मेगा ड्राइव्हवर बसविण्यासाठी ३२एक्स नावाचे एक ठिगळ विकले, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न ही सर्वस्वी नवी पेटीही विक्रीस काढली. ज्यांनी ठिगळ घेतले त्यांस आपण फसलो असे वाटल्यास नवल नाही. पुढे अमेरिकेत सॅटर्न सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असे जाहीर करून ती अचानक मे महिन्यातच दुकानांत आणली. खेळ तयार नव्हते, आणि ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार रुसले. त्यानंतरची ड्रीमकास्ट ही पेटी गुणांनी चांगली होती, पण गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. जानेवारी २००१ मध्ये सेगाने पेट्या करण्याचा धंदाच सोडून देत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या पेट्यांसाठी खेळ करते.

ज्यांचे बदलणे सुखाचे झाले त्यांनी जुना साठा बरोबर नेला, असेही दिसते. सोनी कंपनीची २००० सालची प्लेस्टेशन २ ही पेटी आधीच्या पेटीच्या तबकड्याही चालवी. तिच्यानंतरची पेटी २००६ साली आल्यावरही तिचे उत्पादन पुढे सहा वर्षे चालले. आपल्या देशात तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ या जुन्या पेटीसाठीच २००९ साली निघाला. आपल्या प्रभातचे पाहा. मूक ‘चंद्रसेना’ १९३५ साली बोलपट होऊन आला, मूक ‘गोपाळकृष्ण’ १९३८ साली. गुरूचा ‘सिंहगड’सुद्धा शिष्यांनी १९३३ साली बोलता केला. यंत्र नवे असले तरी प्रेक्षकास ओळखीचे काही हाती धरायला मिळत होते.

प्रभात १९३३ साली पुण्यास गेली. तिच्या त्या पुण्याच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली. कोल्हापूर मात्र रिकामे पडले नाही. राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभे राहिले, शालिनी सिनेटोन निघाले. फाळक्यांनी आपला एकमेव खरा बोलपट, ‘गंगावतरण’, १९३७ साली येथेच केला; हिंदुस्थानातल्या मूकपटाचा जनक सत्तरीच्या उंबरठ्याशी आल्यावर नवे यंत्र शिकायला या गावी आला होता.

आणि बाबूराव? ते पुन्हा चित्रपटाकडे वळले. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ केला, आणि १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी बोलपट. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांस मूक ‘सावकारी पाश’ अंधुक आठवत होता. बाबूराव केवढे कलावंत आहेत हे त्यांस बोलपट पाहिल्यावर कळले असे त्यांनी सांगून ठेवले आहे. त्यातले एक दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. मंद उजेडात दुरून दिसणारी एक उदास झोपडी. कोणी बोलत नाही, कोणी गात नाही. फक्त एक कुत्रे रडते आहे.